नागरिकत्व आणि दिवसांचा हिशेब

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. मूल जन्मते, नोंद होते आणि एका देशाशी त्याचे नाते जडते. हे नाते दोनपैकी एका तत्त्वावर उभे असते. काही देश मूल कोणत्या भूमीवर जन्मले हे पाहतात, काही ते कोणाच्या पोटी जन्मले हे पाहतात, आणि बरेचसे देश दोन्हींची सांगड घालतात. भारताने सुरुवात भूमीपासून केली. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, राजनैतिक अधिकाऱ्यांची मुले यांसारखे अपवाद सोडता, जन्मानेच भारतीय ठरते. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी आवळली गेली: दोघेही भारतीय हवेत, नाहीतर एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

भूमी आणि रक्त यांशिवाय तिसरा मार्ग म्हणजे स्वीकृत नागरिकत्व. यात माणूस प्रौढपणी, जाणूनबुजून, परक्या देशाकडे नागरिकत्व मागतो आणि तो देश ते देतो किंवा नाकारतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १५ वे कलम प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क देते आणि ते बदलण्याचा हक्क मनमानीपणे नाकारता येणार नाही, असेही सांगते. पण बदलून कोणत्या देशाचे मिळावे याबद्दल ते कलम गप्प आहे. एक दार सोडण्याचा हक्क आहे. दुसरे दार उघडलेच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. स्वीकृत नागरिकत्वाचा सगळा कायदा या दोन दारांमधल्या अंतराबद्दल आहे.

हे अंतर कशाने मोजायचे, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे एका विचित्र खटल्यात आला. फ्रीड्रिश नोटेबोम हा हॅम्बुर्गमध्ये जन्मलेला जर्मन १९०५ पासून ग्वातेमालात व्यापार करत होता. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, ऑक्टोबर १९३९ मध्ये, त्याने लिखटनश्टाइन या चिमुकल्या संस्थानाचे नागरिकत्व पैसे भरून घेतले आणि पुन्हा ग्वातेमालाला परतला. युद्धात ग्वातेमालाने त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून धरले व त्याची मालमत्ता जप्त केली. लिखटनश्टाइनने ‘आपल्या नागरिका’साठी दाद मागितली. ६ एप्रिल १९५५ रोजी न्यायालयाने ती ऐकून घेण्यासच नकार दिला, कारण त्या माणसाचा त्या देशाशी खरा संबंध नव्हता. ना घर, ना वास्तव्य, ना तिथे राहण्याचा इरादा. या निकालावर पुष्कळ टीका झाली आहे आणि पैसे घेऊन पासपोर्ट देणारी राज्ये आजही आहेत. तरी बहुतेक देशांच्या कायद्यांमागची समजूत तीच आहे: नागरिकत्वाआधी संबंध हवा, आणि संबंध मोजण्याचे सर्वांत सोपे माप म्हणजे तिथे घालवलेले दिवस. भाषा, चारित्र्य, निष्ठा यांच्या अटी असतातच. पण अर्ज अडतो तो बहुधा दिवसांवर.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे आणि मराठी कुटुंबांच्या परिचयाचेही. तिथल्या पहिल्याच नागरिकत्व कायद्याने, १७९० मध्ये, दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. १७९५ मध्ये ती पाच वर्षांची झाली, १७९८ मध्ये परकीयांच्या भीतीपोटी चौदा वर्षांपर्यंत ताणली गेली आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचावर आली. तो पाचाचा आकडा आजतागायत टिकला आहे. मात्र १७९० च्या कायद्यात दुसरीही एक अट होती: अर्जदार ‘मुक्त गोरा’ असावा. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली. आशियातल्या माणसाने अमेरिकेत पाच काय, पन्नास वर्षे काढली तरी त्याचे दिवस धरायचे की नाही, हे तो गोरा ठरतो की नाही यावर अवलंबून राहिले.

भारतीयांच्या बाबतीत न्यायालये गोंधळलेली होती. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व १९१० मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. १९१८ मध्ये गणवेशातच त्यांना नागरिकत्व मिळाले आणि काही दिवसांतच काढून घेतले गेले. १९२० मध्ये ऑरेगनमध्ये ते पुन्हा मिळाले, तेव्हा सरकार अपिलात गेले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थिंद यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्यातला तर्क पाहण्यासारखा आहे. तीनच महिने आधी, ओझावा या जपानी अर्जदाराच्या खटल्यात, याच न्यायालयाने गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’ असे सांगून त्यांचा दावा फेटाळला होता. थिंद यांनी तोच धागा पकडला: मानववंशशास्त्राच्या पुस्तकांनुसार उत्तर भारतीय कॉकेशियनच आहेत. तेव्हा न्यायालय म्हणाले की पुस्तके बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते.

या निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही परत घेण्याचा सपाटा लावला. कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमीन घेता येत नसे. त्यामुळे शेतीवर जगणाऱ्या पंजाबी कुटुंबांच्या पायांखालची जमीन सरकली. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. निकालानंतर ते ना अमेरिकी राहिले, ना त्यांना पुन्हा ब्रिटिश प्रजाजन व्हायचे होते. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. थिंद यांना मात्र १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्यामुळे, तिसऱ्यांदा आणि कायमचे नागरिकत्व मिळाले. सर्व भारतीयांसाठी दार उघडले ते २ जुलै १९४६ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली तेव्हा. वर्षाला शंभर भारतीयांचा कोटा त्यात होता. १९५२ मध्ये वंशाची अट सगळ्यांसाठीच गेली आणि १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार जुने कोटे मोडून डॉक्टर, इंजिनिअर व नातेवाईक यांच्यासाठी वाट रुंद केली. आज न्यू जर्सी किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील ज्येष्ठ पिढी याच वाटेने गेली.

१९४६ च्या कायद्याचा लाभ घेणाऱ्यांत दलीपसिंग सौंद होते. ते डिसेंबर १९४९ मध्ये नागरिक झाले. १९५० मध्ये आपल्या गावच्या न्यायाधीशपदावर निवडून आले, पण नागरिक होऊन वर्ष पुरे झाले नव्हते म्हणून ते पद त्यांना मिळाले नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसायला सात वर्षांचे नागरिकत्व लागते. सौंद नोव्हेंबर १९५६ मध्ये निवडून आले आणि जानेवारी १९५७ मध्ये सभागृहात बसले, म्हणजे सात वर्षे भरल्यानंतर जेमतेम काही दिवसांनी. सिनेटसाठी नऊ वर्षे लागतात. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष ही दोनच पदे स्वीकृत नागरिकाला कधीही मिळत नाहीत. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९८८ मध्ये अमेरिकी नागरिक झाले व जानेवारी २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांच्या वाट्याला असा दिवसांचा हिशेब आला नाही.

आजच्या नियमांकडे वळताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘पाच वर्षांत नागरिकत्व’ हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. ही पाच वर्षे विमानातून उतरल्यापासून धरत नाहीत; ग्रीन कार्ड हाती आल्यापासून, म्हणजे कायमचा रहिवासी म्हणून दर्जा मिळाल्याच्या तारखेपासून धरतात. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे आणि एच-१बी व्हिसावर नोकरीत घालवलेली वर्षे या हिशेबात शून्य. नोकरीच्या आधारे दर वर्षी साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील सुमारे ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असा नियम आहे. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांत मोजावी लागते. रांगेत असताना व्हिसा वाढवून मिळतो, घर घेता येते, कर तर भरावेच लागतात. पण भारतातून आणलेले मूल एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून गळून पडू शकते. नागरिकत्वाची खरी अवघड पायरी ही आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात तिचा उल्लेखही नसतो.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर हिशेब दोन वह्यांत चालतो. पहिली वही सातत्याची: पाच वर्षे सलग अमेरिका हेच घर असायला हवे (अमेरिकी नागरिकाशी विवाह होऊन त्याच्यासोबत राहत असल्यास तीन वर्षे). दुसरी वही प्रत्यक्ष हजेरीची: त्या पाच वर्षांत निदान तीस महिने, म्हणजे ९१३ दिवस, देहाने अमेरिकेत असायला हवे. शिवाय ज्या भागात अर्ज करायचा तिथे आधीचे तीन महिने वास्तव्य लागते. सातत्याची पाच वर्षे भरण्याच्या नव्वद दिवस आधी अर्ज करता येतो. त्याहून एक दिवस लवकर केला तरी तो फेटाळला जातो, आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही.

या दोन वह्यांची गल्लत नेहमी होते. समजा, एखादी व्यक्ती वडिलांच्या आजारपणासाठी सात महिने पुण्यात राहिली. हजेरीच्या वहीत तिचे दिवस अजून पुरेसे असतील. पण सहा महिन्यांहून अधिक सलग गैरहजेरीमुळे सातत्य तुटले असे कायदा गृहीत धरतो. नोकरी सोडली नव्हती, घराचे भाडे चालू होते, बायको-मुले तिथेच होती, कर रहिवासी म्हणूनच भरले होते, हे दाखवून ते गृहीतक खोडता येते. गैरहजेरी वर्षभराची झाली, तर मात्र खोडायला काही उरत नाही. सातत्य तुटते आणि परतल्यावर चार वर्षे व एक दिवस थांबावे लागते. उतारवयात मुलामुलींकडे गेलेल्या आईवडिलांची अडचण याच ठिकाणी होते. नागरिक झालेल्या मुलाला आईवडिलांसाठी रांगेविना ग्रीन कार्ड मागता येते. पण सहा महिने नाशिकला आणि सहा महिने डॅलसला असा त्यांचा क्रम सुरू झाला, की नागरिकत्वाची वही भरणे अवघड होते आणि कधीकधी ग्रीन कार्डही धोक्यात येते.

अर्जाचे नाव एन-४००. वय अठरा पूर्ण हवे. एप्रिल २०२४ पासून शुल्क ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे. गेल्या पाच वर्षांतले पत्ते, नोकऱ्या आणि अमेरिकेबाहेरच्या सगळ्या फेऱ्या तारखांनिशी लिहायच्या असतात. जुन्या पासपोर्टांचे शिक्के तेव्हा कामी येतात, म्हणून संपलेला पासपोर्ट टाकून देऊ नये. मराठी अर्जदाराला नावाचा रकाना अनपेक्षितपणे घाम फोडतो. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर पतीचे, कुठे ते पहिल्या नावालाच जोडलेले. जुन्या पिढीतल्या स्त्रियांचे तर सासरी पहिले नावही बदललेले. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावे विचारतात. ती खरी आणि पूर्ण द्यावीत, कारण विसंगतीपेक्षा लपवाछपवी महाग पडते.

चारित्र्याची अटही प्रामुख्याने मागच्या पाच वर्षांची असते, पण काही गुन्हे आयुष्यभराचे दार बंद करतात. खून हा त्यांतला उघड. कर न भरणे, पोटगी थकवणे, अठरा ते सव्वीस वयाच्या पुरुषाने सैन्यभरतीच्या यादीत नाव न नोंदवणे, हे सगळे तपासले जाते. एक सापळा मात्र निष्पाप दिसतो. गाडीचा परवाना काढताना ‘मतदार म्हणून नाव नोंदवायचे का’ असे विचारतात आणि माणूस भारतातल्या सवयीने हो म्हणतो. नागरिक नसताना मतदार होणे, आणि मत देणे तर त्याहून अधिक, हे देशाबाहेर काढले जाण्याइतके गंभीर ठरू शकते.

बोटांचे ठसे झाले की मुलाखत होते. तिच्यात इंग्रजीची वेगळी परीक्षा फारशी नसते. अधिकारी अर्जावरचे प्रश्न विचारत जातो, त्यांना उत्तरे देता येतात की नाही हेच बोलण्याचे माप. वाचायला तीनपैकी एक वाक्य, लिहायला तीनपैकी एक. त्यानंतर इतिहास व राज्यव्यवस्थेची तोंडी परीक्षा. २००८ पासूनच्या परीक्षेत शंभर प्रश्नांच्या यादीतून दहा विचारत आणि सहा बरोबर यावे लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली, विचारायचे वीस आणि बरोबर यायचे बारा. यादी आधीच जाहीर असते. भारतात स्पर्धापरीक्षेच्या वातावरणात वाढलेल्याला ही परीक्षा किरकोळ वाटते, आणि खरोखर ती आहेही. नापास झाल्यास साठ ते नव्वद दिवसांत आणखी एक संधी मिळते.

वयस्करांना सवलत आहे, तीही पुन्हा वर्षांच्या हिशेबाने. पन्नास वय व ग्रीन कार्डावर वीस वर्षे, किंवा पंचावन्न वय व पंधरा वर्षे झाली असतील, तर इंग्रजी माफ होते आणि तोंडी परीक्षा दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, देता येते. पासष्ट वय व वीस वर्षे झालेल्यांना छोटी यादी दिली जाते. नुसते वय पुरत नाही. अडुसष्टाव्या वर्षी मुलीकडे आलेल्या आजींना त्र्याहत्तराव्या वर्षी इंग्रजीतच मुलाखत द्यावी लागते, प्रकृतीचे वैद्यकीय कारण सिद्ध झाले तरच सुटका.

मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय न लागल्यास जिल्हा न्यायालयात जाता येते. अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत फेरसुनावणी मागता येते. मान्य झाला तरीही माणूस अजून नागरिक झालेला नसतो. शपथ घेतल्याच्या क्षणी होतो. शपथविधीच्या दारात ग्रीन कार्ड परत द्यायचे, मुलाखतीनंतर परदेशी गेला होता का, अटक झाली होती का, याची उत्तरे लिहून द्यायची, मग शपथ आणि प्रमाणपत्र. शपथेत पूर्वीच्या कोणत्याही राजाशी वा राज्याशी असलेली निष्ठा सोडल्याचे म्हणावे लागते आणि गरज पडल्यास देशासाठी शस्त्र धरण्याची तयारीही दाखवावी लागते. हंगेरीत जन्मलेल्या रोझिका श्विमर या शांततावादी बाईंचे नागरिकत्व १९२९ मध्ये याच शस्त्राच्या वाक्यावर अडले. त्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि स्त्रियांना सैन्यात बोलावण्याचा प्रश्नही नव्हता. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका सोडली. आज श्रद्धेचे कारण देऊन ते वाक्य गाळता येते. अठरा वर्षांखालील मुले ग्रीन कार्डावर नागरिक झालेल्या आई किंवा वडिलांजवळ राहत असतील, तर २००१ पासून आपोआप नागरिक होतात.

इतर देश दिवस वेगळ्या रीतीने मोजतात. कॅनडाला अर्जाआधीच्या पाच वर्षांतले १,०९५ दिवस लागतात आणि तिथे कायमचा रहिवासी होण्यापूर्वीचा कायदेशीर दिवस अर्धा धरतात, कमाल ३६५ दिवसांपर्यंत. विद्यार्थी म्हणून आलेल्या भारतीयाला ही अर्ध्या दिवसाची उदारता फार मोलाची आहे. अमेरिकेच्या शून्याशी तुलना करता ती न्याय्यही वाटते. ब्रिटन उलट बाजूने मोजतो: पाच वर्षांत ४५० दिवसांहून अधिक गैरहजेरी नको, शेवटच्या वर्षात नव्वदहून नको, आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळून साधारणपणे वर्ष झालेले हवे. जर्मनीने जून २०२४ पासून आठ वर्षांची अट पाचावर आणली आणि जुने नागरिकत्व सोडण्याची सक्तीही काढली. स्वित्झर्लंडला दहा वर्षे लागतात आणि संघराज्यासोबत प्रांत व गाव यांचीही संमती लागते. आखाती देशांत मात्र हिशेबच नाही. कोकणातली आणि गोव्यातली माणसे तिथे उमेदीची अख्खी वर्षे घालवतात आणि नोकरी संपली की परततात; तीस वर्षांच्या वास्तव्यातूनही सामान्य नोकरदाराला नागरिकत्वाचा हक्क निर्माण होत नाही.

नवे नागरिकत्व घेणाऱ्या भारतीयाने जितके लक्ष नव्या देशाच्या नियमांकडे द्यावे तितकेच भारताच्या नियमांकडे द्यायला हवे. जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केले, अमेरिका त्याकडे काणाडोळा करते. भारत करत नाही. घटनेचे ९ वे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही ९ वेच कलम एकच सांगतात: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपले. त्यासाठी वेगळा आदेश निघत नाही. शपथेच्या दिवशीच ते जाते. हातातला भारतीय पासपोर्ट त्या दिवसापासून निरुपयोगी होतो आणि त्यावर प्रवास करणे गुन्हा ठरते. तो वकिलातीकडे जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्यानंतरच्या दोन वर्षांतही हा आकडा दोन लाखांवर राहिला.

सोडलेल्यांसाठी भारताने ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची सोय केली. जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात तिचा आरंभ झाला आणि २०१५ मध्ये भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठीची जुनी पीआयओ योजना तिच्यात विलीन झाली. नावात ‘नागरिक’ असले तरी हे नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, थोड्या अधिक सवलतींसह. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाहक्काने मिळू शकते, त्यामुळे सातबाऱ्यावरचे नाव शपथेने पुसले जात नाही. परदेशात राहणाऱ्या पण नागरिकत्व न सोडलेल्या भारतीयाला मात्र मतदानाचा हक्क राहतो, स्वतःच्या मतदारसंघात येऊन मत द्यावे लागते इतकेच.

गोव्याचा प्रश्न या सगळ्याहून निराळा आहे, कारण तिथे माणूस देशाबाहेर न जाता देश बदलला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा भारतात आला आणि १९६२ च्या आदेशाने तिथे जन्मलेले लोक भारतीय नागरिक ठरले. पोर्तुगालच्या लेखी मात्र ते जन्माने पोर्तुगीज होते आणि राहिले. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत जन्मलेल्या गोवेकराला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेण्याची वाट मिळाली. ब्रिटन युरोपीय संघात असताना त्या पासपोर्टावर हजारो गोवेकर इंग्लंडात गेले; स्विंडनसारख्या गावात त्यांची वस्तीच झाली. पण ज्याला पोर्तुगाल जुन्या नागरिकत्वाची नोंद समजतो त्याला भारत नवे नागरिकत्व घेणे समजतो. नोंद केली पण पासपोर्ट घेतला नाही, अशांचे काय, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे धगधगतो आहे. त्याच इतिहासाची उलटी बाजूही आहे: मडगावशी नाते असलेले पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान अँटोनियो कॉस्टा यांना जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरूत ओसीआय कार्ड देण्यात आले.

भारताचे नागरिकत्व मागणाऱ्या परकीयालाही दिवस मोजावेच लागतात. सर्वसाधारण अर्जदाराला अर्जाआधीचे सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे भारतात काढलेली लागतात. भारतीयाशी विवाह झालेल्याला सात वर्षे पुरतात. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी अकरा वर्षांची पाच केली. मुस्लिम त्यात नाहीत आणि यावरूनच देशभर वाद पेटला. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दोन अटी लक्ष वेधतात. एक, घटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा पुरेशी यावी. म्हणजे हिंदीचा गंध नसलेली, पण मराठी येणारी व्यक्ती पात्र ठरते. दुसरी, अर्जदाराच्या देशात भारतीयांना नागरिक होण्यास मनाई नसावी. १९५५ मध्ये, थिंद यांच्या निकालानंतर बत्तीस वर्षांनी, हे वाक्य लिहिले गेले आहे.

अमेरिकेतून भारताकडे या वाटेने आलेल्यांत गेल ऑम्व्हेट यांचे नाव महाराष्ट्राला परिचयाचे आहे. त्यांचा जन्म १९४१ मध्ये मिनिआपोलिसमध्ये झाला. पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलीत प्रबंध लिहिला, १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात त्या स्थायिक झाल्या. १९८३ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले.